शांततेची वाईट बातमी

दूर कुठे युद्ध पेटले की हल्ली आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘आता कुठले शेअर घ्यावेत?’ फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर एका चौकटीत कोसळलेली इमारत आणि शेजारच्या चौकटीत बाजाराचे आकडे मी पाहिले. त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हते. खरे तर नवेही काही नव्हते. हा खेळ आपल्या मुंबईने एकशे साठ वर्षांपूर्वीच मनसोक्त खेळून घेतला आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडच्या राज्यांत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांच्या हातांनी वेचलेला कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा. त्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा या एकाच मुलखाचा. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, मँचेस्टरची चाके थांबू लागली आणि गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली.

आपला कापूस त्यांना मुळीच आवडत नव्हता. आखूड धाग्याचा, काडीकचऱ्याचा. ‘सुरती’ हे नाव तिथल्या कामगाराला शिवीसारखे वाटे, कारण सूत सारखे तुटायचे आणि मजुरी बुडायची. पण अडला हरी! बघता बघता उमरावती, हिंगणघाट ही आपल्याकडची नावे लिव्हरपूलच्या बाजारात घेतली जाऊ लागली. भाव चढला तशी लबाडीही चढली. गाठींत भेसळ इतकी वाढली, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. लोकांनी घरच्या गाद्या उसवून कापूस विकला, असेही सांगतात. आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरलेले माझे आजोबा म्हणायचे, गादीतला जुना कापूस कितीही पिंजा, त्यात पहिला जीव येत नाही. तो कापूस विलायतेच्या चात्यांवर किती टिकला असेल, देव जाणे.

मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला. म्हणजे जमीन अजून पाण्याखाली आणि किंमत आभाळात! बँकेकडून कर्ज काढून शेअर घ्यायचे, तेच शेअर तारण ठेवून पुन्हा कर्ज काढायचे. वकील, डॉक्टर, कारकून, सगळे त्यात होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वानही या लाटेत बुडाला.

त्याच वेळी मँचेस्टरमध्ये काय चालले होते? गिरण्या बंद, हजारो घरे धर्मादाय मदतीवर. अशा स्थितीत ३१ डिसेंबर १८६२ रोजी तिथल्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरवली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकनला धाडले. लँकेशायरमध्ये सगळेच या मताचे नव्हते, दक्षिणेची बाजू घेणारेही होते. तरी ज्यांची चूल त्या नाकेबंदीमुळे विझली होती, त्यांच्यातल्याच लोकांनी नाकेबंदी करणाऱ्याला शाबासकी दिली, हे विसरता येत नाही. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने त्यांना आभाराचे उत्तर पाठवले. मँचेस्टरमधल्या त्याच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्या उत्तरातला भाग कोरलेला आहे.

९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला. युद्ध संपत आले, ४० लाख माणसांच्या बेड्या तुटणार, यापेक्षा चांगली बातमी कोणती? पण मुंबईच्या बाजारात ती सुतकासारखी आली. कापूस गडगडला. वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणारेही बुडाले, घेणारेही बुडाले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ मध्ये ती बँकच मोडीत निघाली. १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली.

या कहाणीचा शेवट आपण सहसा राजाबाई टॉवरपाशी करतो. प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने तो उभा राहिला, विद्यापीठाला ग्रंथालय मिळाले. दान मोठेच. पण मला टॉवरपेक्षा पुणे जिल्ह्यातले सुपे महत्त्वाचे वाटते.

पुणे-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात कापूस फारसा नव्हता. तरी तेजीचा पैसा तिथवर झिरपला होता. धान्याला भाव, गाडीवानाला भाडे, रेल्वेच्या कामावर मजुरी. सावकारही सढळ हाताने कर्ज देत होता. मग १८६७ पासून सरकारने तालुक्यामागून तालुक्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. तेजीच्या वर्षांनी फुगलेले भाव समोर ठेवून सारा वाढवला, आणि नेमके तेव्हाच भाव उतरले. सावकाराने हात आखडला, जुन्या खतांवर फिर्यादी लावल्या. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात रयत उठली. लोण कितीतरी गावांत पसरले. ध्यानात घेण्यासारखे हे, की लोकांनी माणसे क्वचितच मारली. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

मुंबईचे सटोडिये निदान आपण कशावर पैसा लावला हे जाणून होते. सुप्याच्या कुणब्याने कसलाच वायदा केला नव्हता. तेजी-मंदीला बाजाराचा ‘स्वभाव’ म्हणणाऱ्या आपल्या अर्थपंडितांवर माझा राग आहे तो इथे. स्वभाव एकाचा, दंड दुसऱ्याला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लादले. आपल्या कापडधंद्याला आधार म्हणून दिल्लीने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले, ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीचा हंगाम त्यात येत होता. निर्णय झाला तेव्हा विदर्भातला शेतकरी पराटीवर फवारणी करत होता.