बैलाचे मस्तक आणि रोझा बोनर

भव्य चित्राची कीर्ती देशोदेशी पसरते. ते चित्र ज्यांच्या आधारावर उभे राहते ती लहान अभ्यासचित्रे मात्र बहुधा कार्यशाळेच्या भिंतीवरच राहतात. बैलाचे, घोड्याचे किंवा सिंहाचे केवळ मस्तक तैलरंगात रेखाटणारी रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीची अभ्यासचित्रे अशीच आहेत.

रोझाचा जन्म १८२२ साली बोर्दो येथे झाला. वडील चित्रकार होते व तेच तिचे पहिले गुरू. ती अकरा वर्षांची असताना आई निवर्तली. पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयाचे दार स्त्रियांना १८९७ पर्यंत बंदच होते. तेव्हा रोझाने कत्तलखाना व गुरांचा बाजार यांनाच विद्यालय मानले. कातड्याखाली हाड कोठे संपते आणि स्नायू कोठे ताणला जातो, हे ती तेथे शिकली. अशा ठिकाणी वावरण्यासाठी ती पुरुषी पोशाख करी; त्याला पोलिसांचा परवाना लागे. १८५७ सालचा असा एक परवाना उपलब्ध आहे. मुदत सहा महिने, आणि कारण ‘प्रकृती’!

मस्तकाच्या अभ्यासचित्रात सांगण्यासारखी कथा नसते आणि चूक झाकायला देखावाही नसतो. नाकपुडीचा ओलावा, शिंगाच्या मुळाशी दाटलेले केस, पापणीखालची सावली – जे आहे तेच उतरवावे लागते. प्राण्याला माणसाचे हसू वा आसू चिकटवण्याचा मोह तेथे आवरावा लागतो. वास्तववादाची खरी कसोटी आम्हाला येथेच दिसते.

या साधनेचे फळ म्हणजे ‘निव्हर्ने प्रांतातील नांगरणी’ हे १८४९ सालचे चित्र. त्यात बारा बैल नांगर ओढीत आहेत. माणसे आहेत, पण लक्ष वेधतात ते बैल. त्यांतील एकाची नजर थेट आपल्याकडे वळलेली आहे. त्या नजरेपुढे पाहणारा क्षणभर थबकतो. पुढे १८५३ साली ‘घोड्यांचा बाजार’ हे पाच मीटर रुंदीचे चित्र प्रदर्शित झाले, आणि १८६५ साली ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री कलावंत ठरली.

१८९९ साली रोझाचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये तिच्या कार्यशाळेतील चित्रांचा लिलाव झाला, तेव्हा एका आयुष्याचे मूक परिश्रम जगापुढे आले. ज्या मुक्या जनावराच्या कष्टावर माणूस जेवतो, त्याच्या चेहऱ्याकडे तो क्वचितच निरखून पाहतो. रोझाने आयुष्यभर पाहिले. आणि ज्याने एकदा तसे पाहिले, त्याचा चाबकाकडे जाणारा हात थोडा तरी अडखळेल, असे आम्हाला वाटते.