हिरकणी कामावर गेली होती

हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. पायथ्याच्या वाडीतली गवळण रायगडावर दूध विकायला गेली. दिवस मावळला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ होतं. पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही, तेव्हा ती अंधारात कडा उतरून बाळापाशी गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. ही गोष्ट समकालीन कागदपत्रांतून आलेली नाही, ती लोकांच्या तोंडून आली. पण बुरूज आहे, वाडी आहे आणि दोघांना तिचंच नाव आहे.

गोष्ट ऐकताना आपलं लक्ष कड्याकडे असतं आणि त्या बाळाकडे असतं. आईची माया किती मोठी, हे आपण त्यातून शिकतो. ते खरंच आहे. पण गोष्टीच्या सुरुवातीला एक वाक्य असतं, ते आपण भरभर ओलांडून जातो. ती गडावर दूध विकायला गेली होती. म्हणजे हिरकणी कामावर गेली होती. तान्हं बाळ घरी ठेवून कामावर जाणारी ती बाई होती आणि तिच्यापुढचा पेच कड्यापाशी सुरू झाला नव्हता. तो सकाळी घरातून निघतानाच सुरू झाला होता.

महाडहून पंचवीसेक किलोमीटरवर, पाचाडजवळ, गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा वर राजवाडा होता, कारभाऱ्यांची घरं होती, बाजारपेठ होती, शिबंदी होती. इतक्या माणसांना रोज दूध, भाजी, सरपण, धान्य लागणार. त्यातलं बरंचसं खालच्या वाड्यांतून माणसांच्या डोक्या-खांद्यावरूनच वर जाणार. राजधानी चालते ती अशा कामावर. पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे, त्यांच्या निधनाचं साल आपल्याला ठाऊक आहे. गडावर दूध पोचवणाऱ्या बायकांची मात्र नोंद नाही. लोकांनी त्यांच्यातली एक लक्षात ठेवली, एवढंच.

या मुलखातल्या बाईचं काम पुढेही फारसं बदललं नाही. खाचरात भाताची लावणी, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, गुरांचं शेण-पाणी, डोंगरातून आणलेली मोळी, विहिरीवरून आणलेला हंडा. या कामांना वेळ-काळ नव्हता आणि मजुरीही बहुधा नव्हती. पण एक सोय होती. बाळाला बांधावरच्या झाडाला झोळी बांधून निजवता येत होतं. रडलं तर लावणी थांबवून पाजता येत होतं. घरी सासू नाहीतर मोठी मुलगी असायची. ज्या कामाची वेळ बाईच्या हातात नसते, तिथे मात्र ही सोय संपते. गडाचा दरवाजा कधी मिटायचा हे हिरकणीला विचारून ठरलेलं नव्हतं.

असा दुसरा दरवाजा कोकणातल्या बायकांना मुंबईत भेटला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या निघाल्या. रत्नागिरी, सातारा आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतून माणसं परळ-लालबागला गेली. पुरुष गेले, तशा बायकाही गेल्या. त्या प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत लागत. त्यांच्यावर देखरेख करायला नायकिणी असत. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. भोंगा झाला की आत जायचं आणि सुट्टी होईपर्यंत आतच राहायचं. बाळ चाळीतल्या खोलीत.

मग त्या बाळाचं काय होई? १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा या विषयावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारने त्यांना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं होतं. आई कामावर गेल्यावर बाळ शांत पडून राहावं म्हणून बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, हे त्यांनी नोंदवलं. अफू घातलेली बाळागोळी बाजारात सहज मिळत होती. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या आया निर्दय होत्या असं म्हणण्यापूर्वी थांबायला हवं. दिवसभराची पाळी सोडली तर मजुरी जाणार, आणि मजुरी गेली तर त्याच बाळाच्या घरातली चूल विझणार. तिलाही कडाच उतरायचा होता. तो कुणाला दिसत नव्हता.

हे फक्त आपल्याकडे घडत होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायका मोठ्या संख्येने काम करत. तिथल्या कामगारवस्त्यांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूमिश्रित औषध तान्ह्या मुलांना पाजलं जाई. राज्यकर्त्यांच्या देशातली कामकरी बाई आणि त्यांच्या वसाहतीतली कामकरी बाई, दोघींच्या घरी एकच उपाय होता.

फरक पडला तो कायद्यात. १८९१ साली दोन्ही देशांत कारखान्यांचे कायदे झाले. ब्रिटनमधल्या कायद्याने बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी केली. हिंदुस्थानातल्या कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली, बाळंतपणाची सुट्टी मात्र त्यात नव्हती. ब्रिटनमधल्या त्या चार आठवड्यांतही एक मोठी खोट होती. सुट्टी होती, पण पगार नव्हता. खायचं काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. १९११च्या विमा कायद्याने विमेदार कामगाराच्या बायकोला बाळंतपणासाठी तीस शिलिंग ठरवले, तेही आधी नवऱ्याच्या हातात पडत. सहकारी चळवळीतल्या बायकांच्या संघटनेने हा मुद्दा लावून धरला आणि १९१३ साली ते पैसे आईच्या मालकीचे ठरले. याच संघटनेने १९१५ साली कामकरी बायकांची १६० पत्रं पुस्तकरूपाने छापली. बाळंतपणं, पडलेले गर्भ, उपास, कर्ज हे सगळं त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. त्यांना लिहिता येत होतं, हीच मोठी गोष्ट. आमच्या गिरणगावातल्या बहुतेक बायकांना तेही येत नव्हतं.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणाची पगारी रजा आणि कामाच्या वेळात बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास, असा ठराव तिथे झाला. हिंदुस्थानात तो प्रत्यक्षात यायला वेळ लागला, आणि इथे आपण पुन्हा महाडला येतो.

१९२७च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क हा माणुसकीचा हक्क होताच. पण घरोघरी पाणी कोण भरतं याचा विचार केला, तर बाईच्या रोजच्या कष्टांशी त्याचा किती जवळचा संबंध आहे हे कळतं. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर पुन्हा महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेला आलेल्या बायकांशी बाबासाहेब वेगळे बोलले. नेसण्या-राहण्यातल्या कमीपणाच्या खुणा टाका, मुलींना शिकवा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता.

त्यानंतर सात महिन्यांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक चर्चेला होतं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणं ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तिच्या कामाचा फायदा मालकाला होतो, तेव्हा खर्चाचा वाटा त्यानेही उचलला पाहिजे, असंही त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. देशातला तो पहिला. बाळंतपणात घरी राहिलेल्या गिरणी कामगार बाईला पैसे मिळणं हा आता तिचा हक्क झाला होता.

पुढची गोष्ट मात्र सरळ नाही. पुढच्या अर्ध्या शतकात गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घसरत घसरत अगदी थोड्या टक्क्यांवर आलं. बायका ज्या खात्यांत होत्या तिथे नवी यंत्रं आली, रात्रपाळ्या वाढल्या आणि रात्री बायकांना कामावर घ्यायला कायद्याची मनाई होती. भत्ता द्यावा लागतो आणि पाळणाघर ठेवावं लागतं, म्हणून बाई कामावर घ्यायलाच नको, असा हिशेबही मालकांनी केला. हक्क मिळाला तोवर काम हातातून निसटू लागलं होतं. मग कित्येकींनी घरीच खाणावळ घातली. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना डबा द्यायचा, बाळ चुलीजवळ डोळ्यांसमोर ठेवायचं. पहाटेपासून रात्रीपर्यंतचं हे काम कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच बायकांना कर्ज आणि आधार मिळावा म्हणून.

१९६१ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा देशभरासाठी झाला. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण लावणीला रोजाने जाणारी, वीटभट्टीवर राबणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यात येत नाही. तिला रजा देणारा मालकच कागदावर नसतो.

आज हिरकणीवाडीतून रोपवे जातो. १९९६ सालापासून तो सुरू आहे. ज्या उंचीला तिने रात्री हात-पाय खरचटत तोंड दिलं, ती उंची आपण काही मिनिटांत चढतो. एस.टी.च्या निमआराम गाड्यांना तिचं नाव मिळालं. बाळाला पाजण्यासाठी बसस्थानकांत आणि सरकारी कचेऱ्यांत केलेल्या खोल्यांनाही ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. हे नाव फार योग्य आहे. घराबाहेर पडलेल्या बाईला बाळासाठी चार भिंतींची जागा लागते, हे त्यात मान्य केलेलं आहे. तिची मूळ अडचण तीच होती. प्रत्येक ठिकाणी ती खोली उघडी असते का, तिथे बसायला बाक असतो का, हे मात्र पाहायला हवं.

हिरकणीचं कौतुक महाराजांनी केलं, तसं आपणही करावं. पण कौतुकात एक धोका असतो. आई काहीही करू शकते, असं आपण म्हणत राहिलो की तिच्यासाठी काही करण्याची गरज उरत नाही. ती कडा उतरली, कारण दरवाजा बंद होता. हिरकणी बुरुजावर उभं राहून खाली पाहताना कडा किती खोल आहे, हे सगळेच विचारतात. ती दूध घेऊन वर आली तेव्हा तिचं बाळ कुणापाशी होतं, हेही विचारायला हवं. उद्या सकाळी कामावर निघणाऱ्या कितीतरी बायका हाच प्रश्न मनात घेऊन घराचं दार ओढून घेणार आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)