दाणे टाकले चिमण्यांना, आली कबुतरं! असं का होतं?

गिरगाव, परळ, लालबागमध्ये गॅलरीत दाणे टाकले की चिमण्यांऐवजी बहुधा कबुतरंच जमतात. मूळचा कड्याकपारींत राहणारा हा पक्षी इमारतींच्या सज्जांवर सहज रुळतो. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. याच कारणावरून वाद झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला.

मग चिमण्यांना कसं बोलवाल?

दाणे: बाजरी किंवा तांदळाची कणी सुमारे ४ सेंटिमीटर चौकोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. चिमणी आत शिरते, कबुतर बाहेरच राहतं. वाटी मधोमध ठेवा, म्हणजे कबुतराची मान पोचणार नाही. सांडलेले दाणे रोज झाडा.

पाणी: तेही जाळीतच ठेवा आणि रोज बदला.

घरटं: जुन्या चाळींत कौलांखाली, तुळयांवर, भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणीला जागा मिळायची. टॉवरच्या सपाट भिंतींत ती नाही. सुमारे ३.२ सेंटिमीटर भोकाची लाकडी पेटी सावलीत पक्की बसवा.

किडे: चिमणी दाणे खात असली, तरी पिल्लांना प्रामुख्याने किडे-अळ्या भरवते. म्हणून कुंड्यांमध्ये झाडं लावा, पण कीटकनाशक मारू नका. नुसत्या दाण्यांवर चिमण्यांची पुढची पिढी वाढत नाही.