बहात्तरचं माडगं

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. पिठाला चिकी नाही, भाकरी थापतानाच तुटायची. आई आधणाच्या पाण्यात उकड काढून मळायची, तेव्हा कुठं ती तव्यापर्यंत जायची. तीही पुरायची नाही. मग हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून जात्यावर दळायचे, पीठ गार पाण्यात कालवायचं, ठेचलेला लसूण, मिरची, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं; हात थांबला की गुठळी झालीच. खाणारी तोंडं वाढली की पाणी वाढायचं. आई दिवसभर खडी फोडून यायची आणि शेवटी पातेलं विसळून प्यायची. आम्हाला वाटायचं, तिला पातळच आवडतं. आता सूनबाई घट्ट करते, वर तूप सोडते. मी माझ्या वाटीत पाणी घालून घेतो. ती चिडते.