फरशीखालचा पाझर

घर गळतं म्हटलं की मराठी माणूस वर बघतो. कौलं सरकली असतील, पत्र्याला भोक पडलं असेल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल. बादली कुठे ठेवायची हे तरी कळतं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, पालो आल्टो भागात मात्र एका खास जातीची घरं आहेत, ज्यांची गळती पायाखाली होते आणि कित्येक महिने कुणाला पत्ता लागत नाही. या घरांना त्यांच्या बिल्डरच्या नावाने ‘आयक्लर’ म्हणतात. मी त्यातल्याच एका घरात राहतो, म्हणून या गळतीच्या इतिहासात शिरलो.

आयक्लर घर म्हणजे काचेच्या मोठ्या भिंती, उघड्या लाकडी तुळया, जवळपास सपाट छप्पर. काहींत मधोमध उघडा चौक असतो, तो पाहून पुण्याकडच्या माणसाला वाडा आठवतो. तळघर नाही, माळा नाही. जमिनीवर साधारण चार इंचांचं काँक्रीट ओतलेलं आणि त्या काँक्रीटच्या पोटात नागमोडी नळ्या. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते फिरवतो आणि फरशी कोमट होते. पंख्याचा आवाज नाही, गरम हवेचा झोत नाही. जानेवारीत आमच्याकडे पाहुणे आले की थोड्या वेळाने खुर्ची सोडून खाली मांडी घालून बसतात.

ही कल्पना मूळची कोरियातली. तिथे शेकडो वर्षं स्वयंपाकघरातल्या चुलीची धग आणि धूर जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरवून खोल्या ऊबदार ठेवत. त्याला ‘ओंदोल’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वास्तुकार फ्रँक लॉइड राइट इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी टोकियोत होता. तिथल्या एका श्रीमंत यजमानाने त्याला जेवणानंतर घरातल्या ‘कोरियन खोली’त नेलं. बाकी घरात गारठलेला राइट या खोलीत एकदम सुखावला, आणि उष्णतेचा उगम दिसत नाही याचं त्याला नवल वाटलं. पुढे १९३७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी पूर्ण झालेल्या जेकब्स हाउसमध्ये त्याने फरशीखाली नळ्या घातल्या. धुराच्या जागी पाणी आलं.

जोसेफ आयक्लर तोवर बांधकामात नव्हताच. सासरच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात हिशेब बघणारा माणूस. १९४० च्या दशकात काही काळ तो हिल्सबरो इथल्या, राइटने बांधलेल्या बॅझेट हाउसमध्ये भाड्याने राहिला आणि त्या घराने त्याला झपाटलं. धंदा सुटल्यावर त्याने ठरवलं की असं घर मध्यमवर्गालाही मिळालं पाहिजे. पुढच्या दोन-अडीच दशकांत त्याने सुमारे ११,००० घरं बांधली. तो वंश-धर्म न बघता कुणालाही घर विकत असे. त्या काळी हे इतकं वेगळं होतं की याच मुद्द्यावरून १९५८ साली त्याने बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्येही काँक्रीटच्या पोटात तांब्याच्या नळ्या घालून हजारो घरं उभी राहिली होती, पण ती फक्त गोऱ्यांसाठी. आता आमच्या गल्लीत दिवाळीला चार-पाच आकाशकंदील लागतात, ते आयक्लरच्या त्या हट्टाशी अगदीच असंबद्ध नाहीत.

आता नळ्यांकडे येतो. सुरुवातीच्या घरांत तांब्याच्या नळ्या होत्या. मग १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं, तांबं युद्धसामग्रीकडे वळलं, टंचाई झाली आणि बऱ्याच घरांत पोलादी नळ्या गेल्या. कोरियातून आलेली ऊब कोरियातल्याच युद्धाने गंजकी केली. तांबं चांगलं टिकलं. त्याचे शत्रू बहुधा माणसंच: कुणी गालिच्याची पट्टी ठोकली, कुणी नवी भिंत उभारताना खिळा मारला आणि नळी फुटली. पोलाद मात्र आपलं आपण संपत गेलं.

यासाठी लोक आयक्लरला दोष देतात, पैसे वाचवले म्हणतात. मला खरा गुन्हेगार वेगळाच वाटतो. बॉयलरशेजारी एक छोटा स्वयंचलित व्हॉल्व्ह असतो. नळ्यांतलं पाणी कमी झालं, दाब उतरला, की तो मुख्य लाइनमधून गुपचूप भरपाई करतो. बंद चक्रातलं जुनं पाणी तसं निरुपद्रवी असतं, त्यातला ऑक्सिजन सुरुवातीलाच संपलेला असतो. पण भोक पडलं की व्हॉल्व्ह ताजं पाणी आत घेतो, ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन येतो आणि उरलेली नळी आणखी गंजते. म्हणजे हा व्हॉल्व्ह गळती लपवतोही आणि वाढवतोही. घर मात्र ऊबदारच राहतं, तक्रारीला जागा नाही.

मग कळतं कसं? घरातले सगळे नळ बंद करून रस्त्याकडेच्या मीटरवरचा चिमुकला त्रिकोण बघायचा. तो फिरत असेल तर पाणी कुठेतरी चाललंय. तेवढ्यावर संशय पक्का होतो, जागा नाही. ओल जिथे दिसते तिथे भोक असेलच असं नाही, पाणी काँक्रीटखालच्या वाळूतून वाट फुटेल तिकडे जातं.

जागा शोधायची विद्या कानाची. १८७३ साली लिव्हरपूलचा अभियंता जॉर्ज डीकन याने गळती मोजणारा मीटर तयार केला. शहर झोपलेलं असताना एखाद्या वस्तीत किती पाणी जातंय याची नोंद त्यात आपोआप होई. वाजवीपेक्षा जास्त आकडा दिसला की निरीक्षक रात्री एकेका घराच्या तोटीला चावी लावून, तिला कान टेकवून ऐकत जात. मुंबईतही जमिनीला सळई टेकवून गळती ऐकणारे कामगार आहेत. फरक इतकाच, की तिथे पाणी ठरावीक वेळीच सुटतं, त्यामुळे शांततेसाठी रात्रीची वाट बघता येत नाही. ज्या वेळी पाणी, त्या वेळी कान.

आमच्याकडे जो म्हातारा आला त्याला मी मनात पाणाडी म्हणत होतो. आपला पाणाडी हातात नारळ घेऊन पाणी कुठे आहे ते सांगतो, याला पाणी कुठे नको ते सांगायचं होतं. त्याने अवजारं काढण्याआधी एकच विचारलं, घर कोणत्या सालचं? मी म्हटलं, १९५४. “म्हणजे पोलाद,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात फरशीखालच्या नळ्या उजळ रेघांसारख्या दिसल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापुढे एका रेघेचा डाग झालेला. तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. पाणी काढून नळीत नायट्रोजन भरला, त्यात थोडा हायड्रोजन मिसळलेला. हायड्रोजनचा रेणू इतका लहान, की आपल्याला घट्ट वाटणाऱ्या काँक्रीटमधूनही तो वर येतो. फरशीवर यंत्र फिरवत तो गुडघ्यांवर सरकत राहिला. डागापासून हात-दीड हात अंतरावर यंत्र वाजलं, तिथे त्याने खडूने फुली मारली.

जुन्या फरश्यांत ॲस्बेस्टॉस असतो, म्हणून फोडण्याआधी त्याची तपासणी करून घेतली. खाली सापडलेलं भोक मोहरीएवढं होतं. पोलादी नळीला एक भोक सापडलं की दुसरं वाटेवर असतं, तेव्हा हे सगळं बंद करा आणि भिंतीलगत हीटर लावा, असा त्याचा सल्ला होता. माळा नाही, तळघर नाही, त्यामुळे गरम हवेचे पाइप न्यायचे तर छपरावरून. बायको म्हणाली, यंदा तुकडा जोडून घेऊ, पुढचं पुढे. आम्ही तसंच केलं, आणि तो स्वयंचलित व्हॉल्व्ह बंद करून टाकला. बॉयलरशेजारी कालनिर्णय टांगलंय. दर रविवारी सकाळी मी दाबाचा आकडा बघून त्या दिवसाच्या चौकोनात लिहितो. गेले चौदा रविवार तो बारावर आहे.