गेलेल्याचं गाणं गाण्याची रीत

धसई हे मुरबाड तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपासच्या वाड्यापाड्यांचं बी-बियाणं, कपडालत्ता, औषधपाणी इथूनच. १ डिसेंबर २०१६ला ‘कॅशलेस गाव’ म्हणून धसईचं नाव देशभर झालं आणि छोट्या दुकानदारांकडेही कार्ड घासायची यंत्रं आली. आता यंत्राचं बरंचसं काम फोन करतो. अमुक नट गेला, तमुक गायिका गेली ही खबरही त्याच फोनवर येते.

लता मंगेशकर गेल्या तो ६ फेब्रुवारी २०२२चा रविवार. सकाळी मुंबईच्या इस्पितळात प्राण गेला, संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, देशात दोन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. त्या दिवशी गावोगावच्या लोकांनी काय केलं? गाणी लावली. टपरीवर, रिक्षात, सलूनमध्ये, टेम्पोत, स्वयंपाकघरात. आता नीट पाहा, आपल्याकडे घरात कुणी गेलं की पहिल्यांदा टीव्ही बंद होतो. शेजारी सुतक असेल तर आपण हळदीचा बेंजोसुद्धा आवरता घेतो. इतकी ही रीत अंगात मुरलेली असताना, गायिका गेली त्या दिवशी गाण्याला सुतक का लागलं नाही? उलट त्या दिवशी गाणं न लावणं हेच कोरडेपणाचं वाटलं असतं. मृत्यूच्या दिवशी गेलेल्याचंच गाणं गायचं ही रीत रेडिओनं आणली नाही आणि फोननं तर नाहीच. तिचं कूळ फार जुनं आहे आणि ते आपल्या मातीतलं आहे.

मूळ शोधायचं तर आळंदीला जावं लागतं. ज्ञानेश्वरांनी कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, साल १२९६. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. निवृत्ती, सोपान, मुक्ताई यांचं दुःख आणि जमलेल्या संतांची घालमेल, सारं त्यांत येतं. एका कवीनं आपल्या कविमित्राच्या जाण्यावर इतकं सविस्तर, डोळ्यांत पाणी ठेवून लिहावं, असं मराठीत त्याच्या आधीचं मला दुसरं दिसत नाही. आजही त्रयोदशीच्या दुपारी समाधीपुढे नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज समाधीच्या प्रसंगाचं कीर्तन करतात. ठाणे जिल्ह्यातून कार्तिकात पायी दिंड्या आळंदीला जातात. भात झोडून झालेलं असतं किंवा खळ्यात पडलेलं असतं, आणि माणूस पताका घेऊन निघतो. समाधीचा क्षण येतो, घंटा वाजते, फुलं उधळली जातात आणि मोठी मोठी माणसं हुंदके देतात. सातशे वर्षांपूर्वी गेलेल्यासाठी! त्यानंतर त्याच तोंडांनी ज्ञानेश्वरांच्याच ओव्या आणि अभंग म्हटले जातात. पुढे देहूची तुकाराम बीज याच वळणावर गेली. रडायचंही आणि गायचंही, एकाच दिवशी आणि गेलेल्याच्याच शब्दांत, हा धडा वारकऱ्यांनी गावोगाव पोचवला. म्हणून आपल्या खेड्यांत मयतीच्या घरी बेंजो वर्ज्य असतो, टाळ-मृदंग वर्ज्य नसतो. रात्री भजनी मंडळ बसतं, दहाव्याला प्रवचन होतं, आणि घरच्यांना त्याचा आधार वाटतो.

शाहिरांनी या रीतीत आपली भर घातली, आणि ती मला फार आवडते. लावणीच्या किंवा पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. संतांच्या अभंगात ते होतंच, राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांनी ते फडावर आणलं. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले. त्यांच्या रचना जिथे जिथे रंगतात तिथे गाणारीच्या तोंडून त्यांचं नाव येतंच, ते गाळलं तर कडवंच लंगडं पडतं. मुरबाडकरांना फडाची ओळख म्हशाच्या यात्रेतून आहे. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा बाजार लागतो, तमाशाचे फड उतरतात. कनातीत बसलेल्या शेतकऱ्याला कवीची पुण्यतिथी ठाऊक नसते, पण कवीचं नाव त्याच्या कानावर पडून जातं. आपल्या स्मरणाची सोय आपल्याच गाण्यात करून ठेवणारे हे लोक मोठे धोरणी होते.

ध्वनिमुद्रिका आल्या तेव्हा सुरुवातीच्या गायकांनीही हेच केलं. गौहर जान गाणं संपलं की स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. पुढे सिनेमानं मात्र हे नाव पुसलं. ‘महल’ (१९४९)मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा केली, ही गाते आहे ती कोण? तेव्हा कुठे खरं नाव पुढे आलं. चाहता म्हणजे नुसता टाळ्या वाजवणारा नव्हे, नाव विचारणारा. नावच ठाऊक नसेल तर आठवण काढायची कुणाची?

रागदारीच्या मैफलीत ही रीत आली ती पुण्यतिथी आणि उरूस अशा दोन्ही वाटांनी. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झालेले. २७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात पुरलं. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गायक येतात, कबरीजवळ बसून गातात, ती हजेरी असते. सुफी पिराचा मृत्युदिन गाण्यानं साजरा होतो, वारकऱ्यांच्या संताचाही होतो. या दोन्ही वाटा मिरजेत त्या आवारात एकत्र आलेल्या दिसतात.

खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांचे ते गुरू. १२ सप्टेंबर १९५२ला ते पुण्यात वारले आणि १९५३ साली, पहिल्याच पुण्यतिथीला, भीमसेनांनी गुरूच्या नावानं गाणं करायचं ठरवलं. आज लोक ज्याला नुसतं ‘सवाई’ म्हणतात तो हजारो श्रोत्यांचा महोत्सव मुळात एका शिष्यानं घातलेलं वर्षश्राद्ध आहे. महोत्सव पुढे डिसेंबरात गेला, पण मूळ सुटलं नाही. सगळ्यांचं गाऊन झाल्यावर सांगतेला सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातली जुनी भैरवी ऐकवतात. मंचावर कुणी नसतं, तबकडीची खरखर असते आणि मांडव उठत नाही. भीमसेन २४ जानेवारी २०११ला गेले तेव्हा गुरूच्या नावाशेजारी त्यांचंही नाव महोत्सवाला लागलं. ज्यांच्या गायनानं इथे वर्षानुवर्षं सांगता झाली त्या प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ला गेल्या. श्राद्ध घालणारेही एकेक करून त्या यादीत जातात, आणि त्यांचं गाणारे मागे उभे राहतात.

रेडिओनं तर रोजचीच पुण्यतिथी घातली. कुंदनलाल सैगल १९४७च्या जानेवारीत गेले. त्यानंतर कित्येक वर्षं रेडिओ सिलोनच्या जुन्या गाण्यांच्या सकाळच्या कार्यक्रमात, आठला तीन मिनिटं कमी असताना, सैगलांचं गाणं लागायचं. त्यावर घड्याळ लावणारी घरं होती. महंमद रफी ३१ जुलै १९८०ला गेले आणि ती तारीख ऑर्केस्ट्रावाल्यांची झाली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या शहरात त्या आठवड्यात रफींच्या गाण्यांचा कार्यक्रम असतोच, आणि गाणारा पुष्कळदा बँकेतला नाहीतर एस.टी.तला असतो. खुद्द लताबाईंनी १९९२मध्ये ‘श्रद्धांजली’ या नावानं ध्वनिफीत काढली. सैगल, रफी, मुकेश, किशोरकुमार अशा दिवंगतांची गाणी त्यांनी त्यात स्वतः गायली. कीर्तीच्या शिखरावरची बाई दुसऱ्याचं गाणं गाऊन हात जोडते, यापलीकडे या रीतीला मोठा मान कोणता हवा? घरी वडिलांचा वारसाही होताच. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ला गेले, आणि ती पुण्यतिथी मंगेशकर भावंडांनी आयुष्यभर पाळली.

नटाचं काय, हा अवघड प्रश्न आहे. गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून निघतं, अभिनय कसा निघणार? लोकांनी तोडगा काढला तो नकलेचा. निळू फुले १३ जुलै २००९ला गेले. पण गॅदरिंगमध्ये त्यांचा आवाज काढणारा मुलगा नाही अशी शाळा शोधावी लागेल. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले, आणि त्यानंतर जन्मलेली मुलं त्यांची वाक्यं त्यांच्याच लयीत म्हणतात. याला कुणी श्रद्धांजली म्हणत नाही, मी म्हणतो. ‘मोरूची मावशी’तल्या विजय चव्हाणांची मावशी ज्यांनी पाहिली, त्यांनी ते २४ ऑगस्ट २०१८ला गेल्यावर ती चित्रफीत पुन्हा लावली. ९ ऑगस्ट २०२२ला त्याच नाटकातले प्रदीप पटवर्धन गेले तेव्हा पुन्हा लावली. भरत जाधव यांनीही ती मावशी रंगभूमीवर परत उभी केली, आणि विजय चव्हाणांचं नाव पुन्हा तोंडोतोंडी झालं.

दिग्दर्शकाच्या वाट्याला या रीतीतलं फारसं काही येत नाही. ‘डोंबिवली फास्ट’ आमच्या जिल्ह्यातल्या माणसाची गोष्ट, ती कितीजणांना पाठ आहे. पण ती करणारे निशिकांत कामत १७ ऑगस्ट २०२०ला पन्नाशीत गेले, ते किती जणांच्या ध्यानात राहिलं? याची खंत वाटते.

आता फ्लेक्सबद्दल. चौकात खडूनं लिहिलेला फळा असायचा, मग पेंटरनं रंगवलेलं कापड आलं, मग छापील फ्लेक्स. त्यावर गेलेल्या कलावंताचा फोटो आणि खाली शोकाकुल म्हणून दहा-वीस चेहरे. कधीकधी ते चेहरे मिळून गेलेल्यापेक्षा जास्त जागा घेतात. मला हा फलक या कुळातला वाटत नाही, कारण त्यात गेलेल्याचं काम कुठेच नाही. फोनच्या स्टेटसला अनेकजण नावं ठेवतात, पण मी त्याच्या बाजूनं आहे. कुणी तरी अर्धा मिनिट का होईना, गेलेल्याचं गाणं निवडतं, तेच का म्हणून थोडा विचार करतं, आणि आपल्या ओळखीच्या माणसांना ऐकवतं. गाणं परत आलं म्हणजे कूळ परत जुळलं.

धसईच्या मुलखाला मृत्युदिन पाळणं शिकवायला नकोच. याच तालुक्यात सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३च्या पहाटे स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात पडले. दर २ जानेवारीला लोक थंडीत तिथे जमतात, मानवंदना देतात. मृत्युदिनाला गाण्याची जोड कशी द्यायची, तेही समोर आहे. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१०ला नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असताना मंचावरच कोसळून गेले. त्यांच्या मुलांनी त्या तारखेला पुरस्कार सोहळा सुरू केला आणि गाणं चालू ठेवलं.

म्हणून मला आपल्या भजनी मंडळांपुढे एक गोष्ट मांडायची आहे. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ला गेले. आषाढीला पांडुरंगाची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची गाणी ज्या एका गळ्यानं दोन्ही मांडवांत पोचवली, तो हा गळा. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श गातात, पण पुण्यतिथी काही घरच्यांनीच घालायची नसते. धसईच्या बाजारपेठेत वर्षातून एक रात्र फक्त त्यांच्या गाण्यांची व्हावी, विठ्ठलाची आणि भीमरायाची एकाच बैठकीत, दोन्ही आळ्यांतल्या गायकांनी मिळून. जूनमध्ये ते जमणार नाही हे मला कळतं. मिरग लागलेला असतो, पेरलेल्या राबाकडे डोळे असतात, बुवा आणि ढोलकीवाला दोघंही शेतावर. सवाईची पुण्यतिथीसुद्धा सप्टेंबरातली आणि महोत्सव डिसेंबरात होतो. आपण भात घरात आल्यावरची, म्हशाच्या यात्रेच्या अलीकडची एखादी रात्र धरावी. तोवर पेटी उतरवून तिचे भाते दुरुस्त करून घ्यायलाही वेळ मिळेल.