कल्चर रिपोर्ट, मोबाइलवरचा अभ्यास आणि जमिनीवर पडलेला चिमटा

आटगावहून लोकलने कॉलेजला जाणारी मुलं आता प्रवासातच मोबाइलवर लेक्चर बघतात. तुमच्या घरात कोणी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी करत असेल, तर त्यांच्यासाठी सरकारच्या 'स्वयम्'वर अभ्यासक्रम आहेत. 'व्हर्च्युअल लॅब्ज'वर जंतूंना रंग कसा द्यायचा, हे पडद्यावर करून बघता येतं. मग "सगळं मोबाइलवर मिळतं, तर लॅबमध्ये जायची गरज काय?" असं पालक विचारतात. याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्यावर लस शोधण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, म्हणजे प्रशिक्षित माणूस एकही नाही. त्यांनी मांसाच्या सुपात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. मग उष्णतेने ते मारून लस तयार व्हायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात शंभरावर लोकांना ही लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावं लागलं.

पुढे निघालेली हकिगत अशी. बाटलीचं बूच काढायचा चिमटा त्या गावात जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. शिवाय लस आधीच दूषित असती, तर बाटलीतल्या जंतूंना वाढायला बरेच दिवस मिळाले असते आणि उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडलं आणि हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या त्याच संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

यातून काय समजतं? चिमटा निर्जंतुक करावा, हे तेव्हाही पुस्तकात होतं. पण पडलेली वस्तू तशीच वापरायची नाही, ही हाताची सवय असते. ती प्रत्यक्ष काम करूनच लागते. मोबाइलवर बघून 'का' ते उत्तम कळतं. 'कसं' हे मात्र बर्नरच्या ज्योतीशेजारी बसून, एखादी प्लेट बिघडवूनच येतं. म्हणून ऑनलाइन अभ्यास जरूर करू द्या, पण प्रॅक्टिकल बुडवू देऊ नका. कॉलेज निवडतानाही आठवड्याला किती प्रॅक्टिकल होतात, ते विचारा.

हीच शिस्त तुम्हालाही लागू आहे. लघवीची कल्चर तपासणी सांगितली असेल, तर एवढं पाळा:

- शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या.
- जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली घ्या.
- डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. झाकण खाली पडलं, तर नवी डबी मागा.
- नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. आटगावहून शहापूर-कल्याणला न्यायला उशीर होणार असेल, तर फ्रिजमध्ये ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू वाढायला तेवढा वेळ लागतोच. पण बाहेरचे जंतू नमुन्यात शिरले, तर नको ते औषध सुरू होऊ शकतं. ते टाळणं आधी तुमच्या हातात असतं, मग लॅबमधल्या त्या विद्यार्थ्याच्या.